एका शेठच्या दोन मोटारी

वसई,
११ मे १९५३

प्रिय बर्नार्ड,

जुहूची मोटारींची शर्यत होऊन तीन महिने झाले. सुट्टीला वसईत येतोस आणि बहिणीचं घर सोडून मामाकडे उतरतोस, हे काय मला कळत नाही? ह्यांच्या पायाचं प्लास्टर परवा निघालं. काठी टेकत केळीच्या वाडीपर्यंत जातात आणि शेजाऱ्यांना जुहूचं ते वळण हवेत बोटानं काढून दाखवतात. तुझं नाव निघालं की मात्र काठी टेकत घराकडे वळतात.

तुमच्या दोघांवरही माझा राग होता, नाही कशी म्हणू? पण आता तो सगळा तुमच्या शेठवर आहे. लढाईच्या दिवसांत तुम्ही दोघं लष्कराच्या लॉऱ्या बरोबरच हाकायला शिकलात. पुढे तू शेठची मोटार पळवायचास, हे दुसऱ्या मालकाची. कधी तू पहिला, कधी हे. शर्यत संपली की एका बाकावर बसून माझ्या डब्यातले बोंबील संपवायचात. मग शेठला हाव सुटली. ह्यांनाही त्यानं आपल्याकडे ओढलं आणि सांगत सुटला, "दोन्ही वाघ माझेच, आता हरवणार कोण?" अरे, पण पहिला येणार एकच ना! शेवटच्या फेरीत दोघांपैकी कुणीही वाट दिली नाही. चाकाला चाक लागलं, हे मोटारीसकट वळणावरच्या पिंपांवर आदळले आणि तिसराच कुणी जिंकला. वर शेठ जगाला सांगतो की दोस्तांच्या मत्सरानं घात केला. तुमचा मत्सर म्हणे!

काल तो आमच्या ओट्यावर येऊन बसला होता. पुढच्या वर्षी पुन्हा तुम्ही दोघं त्याला हवेत. ह्यांनी विचारलं, "शर्यतीत पुढे कोणी राहायचं?" तो हसून म्हणाला, "ॲन्सेल्म, तूच. गेल्या खेपेला बर्नार्डला तसं म्हटलं, ते नुसतं त्याचं मन राखायला." हे म्हणाले, "मलाही तेव्हा तुम्ही 'तूच पुढे' असंच सांगितलं होतं." शेठनं घाईघाईनं चहाचा कप तोंडाला लावला. त्याच्या हातातला अर्धा भरलेला कप मी काढून घेतला. आईनं पाहिलं असतं तर मला झोडपलं असतं, पण घेतला.

बर्नार्ड, जाता जाता तो म्हणाला, "बर्नार्डला सांगतो, तुझा भावोजी घाबरला." तो तुझ्याकडे पोचायच्या आधी माझं पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहितेय. हे घाबरलेले नाहीत. जुन्या मालकाला त्यांनी होकार कळवलाय. ते तुझ्याशी शर्यत लावणार, पण तुझ्या जोडीनं एका मालकाकडे राहणार नाहीत. रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की घरी ये आणि त्यांच्याच तोंडून ऐक. शेठकडे राहायचं की नाही ते तुझं तू ठरव. फक्त एक आधीच सांगून ठेवते, पुढच्या खेपेला मी ह्यांचंच नाव घेऊन ओरडणार आहे.

तुझीच,
आग्नेसबाय