बानोच्या मापाचा दोरा

पुणे, ता. ४ फेब्रुवारी १९३८

ती. जोहराआपा हिस धाकट्या बानोचा सलाम वि. वि.

भोरात तुझी शिलाई जोरात असेल. सोबत कागदाचा एक खाका पाठवते आहे. आमच्या दुकानमालकांनी तो विलायती चित्रांच्या पुस्तकावरून कापला. फुग्याची बाही, दंडाला घट्ट पट्टी, कंबर मुठीत मावेल एवढी. इथं आता माप कुणी घेत नाही. पोलकं खाक्यावर बेततात आणि बायका त्यात मावायची धडपड करतात. तूही प्रत्येकीच्या मापाचे ते गाठी मारलेले दोरे आता चुलीत घाल.

गंमत म्हणजे मालकांनी मला मशीनवरून उठवून, नवं पोलकं घालून गिऱ्हाइकांना दाखवायला दुकानाच्या काचेपुढं उभं केलं आहे. कंबर दोन बोटं जास्त भरते म्हणाले, म्हणून दुपारची भाकरी सोडली. परवा जरा घेरी आली, बाकी खुशाल. भाऊजींना सलाम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी, बानो

भोर, ता. ११ फेब्रुवारी १९३८

चि. बानो हिस जोहराच्या अनेक दुवा.

तुला नावं ठेवण्याआधी खाक्यावर एक पोलकं शिवून पाहिलं. वेल्ह्याच्या चंद्राबाई लेकीच्या लग्नाचं कापड घेऊन आल्या होत्या, त्यांनाच घातलं. बाहीत वर वाऱ्याला जागा, खाली पट्टीत दंड शिरेना. कसंबसं घातलं, तर डोक्यावर पाटी घ्यायला त्यांनी हात वर केला आणि खांदा उसवला. त्या रागावल्या नाहीत. हे जिच्यासाठी बेतलं तिला घरात कुणी खायला घालत न्हाई का, एवढंच त्यांनी विचारलं. मला तुझी भाकरी आठवली आणि हसू तिथंच राहिलं.

चुलीत मी खाका घातला. दोरे डब्यातच आहेत. गेल्या ईदेला तुझं माप घेतलं होतं, त्या दोऱ्याच्या गाठींवर तुझं पोलकं बेतलं आहे. हे उद्या कापूरहोळला मोटार धरून पोलकं घेऊन तुझ्याकडे येतील. तुला सैल होईल. पण मी एक टाकाही आत घेणार नाही. अब्बांनी मला बाईसाठी कापड कापायला शिकवलं, बाईला कापायला नाही. सोबत भाकऱ्या आहेत, त्या यांच्या देखत खायच्या. काळजी करायला लावू नकोस.

तुझी, जोहरा

पुणे, ता. २७ फेब्रुवारी १९३८

आपास सलाम वि. वि.

तिसरी भाकरी संपेपर्यंत भाऊजी समोरून हलले नाहीत. आधी लाज वाटली, मग जी भूक लागली ती अजून लागतेच आहे.

मी पंधरा दिवस दोन्ही वेळा जेवले आणि काल तुझं पोलकं घालून काचेपुढं उभी राहिले. मालक संतापले. कंबरेत आत घे म्हणाले. मी म्हटलं, घेणार नाही, बहिणीनं बरोबर बेतलं आहे, मीच अजून त्यात भरायची आहे. काचेपुढं लाकडाची बाहुली उभी करा, तिला भूक लागत नाही. त्यांनी घरी जा म्हणून सांगितलं, आणि मी निघाले.

अब्बांचं जुनं मशीन पुसून ठेव. बुधवारी येते. तुझ्या पोलक्याची बाही दंडाला लागायला लागली आहे, कंबर अजून सैल आहे. पीठ जास्त मळ.

तुझीच, बानो