न घासण्याचा खेळ

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखू येतंय ना? कोंबडीचे पाय म्हणशील, तर कोंबडीचा अपमान होईल. झटका आल्यापासून उजवा हात माझं ऐकेनासा झालाय. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी दोन हुकूम सोडलेत. आठवड्याला एक पान लिहायचं आणि रोज बोटांना काहीतरी चाळा द्यायचा. पान तुझ्या वाट्याला आलं. फोन मी मुद्दाम करत नाही. जीभ अजून अडखळते आणि ते अक्काच्या कानावर पडायला नको.

चाळा म्हणून तू तुझं जुनं खेळाचं यंत्र पाठवलंस. त्यातला खेळ मन लावून खेळलो, पण हे काय ग? पुढच्या गावात जायचं तर आधी तीच ती रानडुकरं मारायची. मारली की नवी उगवतात. त्याने म्हणे अंगात बळ साठतं. चष्म्याच्या काचा घासण्यात माझा जन्म गेला. घासायची, उजेडात धरायची, पुन्हा घासायची. आता म्हातारपणी खेळातही घासतच बसू का? एकट्याने खेळायचा, बरी गोष्ट असलेला आणि घासावं लागणार नाही असा एखादा असेल तर बघ.

अक्काला सांग, काठी सुटली की पहिली फेरी तुमच्याकडे. मला चालायला तिने शिकवलं. तिच्यापुढे मी लंगडत यायचं, हे मनाला पटत नाही. तिचा खोकला कसा आहे ते लिही.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर इथे जागा करीन.

तुझा
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. कोंबडीपाशी ती खूप हसली. तुला तिच्यापुढे लंगडत यायचं नाही, ती ओळ मात्र मी गाळली, नाहीतर तिने मलाच झापलं असतं. आई बरी आहे. खोकला आहे थोडा. तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आणलीय, तिथे तिला हवा लागते. जिना उतरणं सध्या बंद केलंय. काळजी करू नकोस.

खेळांच्या दुकानात जाऊन मी सरळ सांगितलं, की मामाला न घासण्याचा खेळ हवाय. दुकानदाराला वाटलं मी चुकून आले, भांड्यांचं दुकान पलीकडे आहे असं म्हणाला. मग समजल्यावर त्याने हा दिला. लढाया मोजक्या, बाकी चालणं, बोलणं आणि काय करायचं ते आपण ठरवणं. मी खेळलेय, छान आहे.

माझं काम चालू आहे. लोक लिफ्टमध्ये अडकले की आतलं बटण दाबतात आणि माझ्या कानात बोलतात. मी सगळ्यांना एकच सांगते, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस तेव्हा बहुतेक समोरच्या खुर्चीत चहा पीत असतो. पण तेवढं ऐकलं की लोकांचा श्वास जागेवर येतो.

आईचे तुला आशीर्वाद. माझ्यावर लोभ चालू ठेव.

तुझी
भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खेळ पोचला. उत्तम आहे. एक तरुण आहे, त्याला लहानाचं मोठं करणारी एक म्हातारी नदीपलीकडे राहते. तिने चिठ्ठी पाठवलीय आणि चिठ्ठीत एकच शब्द आहे, ये. एवढ्यावर गोष्ट सुरू होते. वाटेत भेटतात त्या माणसांशी मी तासन् तास गप्पा मारतो. बोटं आता रिमोट बरा धरतात. बाई खूश आहेत.

आता अडचण ऐक. नदीवर पूल आहे आणि पुलावर हे एवढाले कुत्रे. दात काढून गुरगुरतात. माझ्या गड्याच्या पायात फाटके जोडे आणि हातात बोथट तलवार. अलीकडे एक माळ आहे, तिथे बारीकसारीक जनावरं मारून बळ वाढवता येतं आणि रात्री तिथल्या सराईत, म्हणजे धर्मशाळेत, झोपता येतं. पण खेळ काहीच सांगत नाही. जा म्हणत नाही, थांब म्हणत नाही. तू खेळलीयस, तूच सांग. तसाच घुसू, की आधी तयारी करू?

अक्काने पत्राखाली सही केली नाही या वेळी. आळस वाढलाय का तिचा?

मामावर माया असू दे, मामा अजून कामाला येईल.

तुझा
मामा

१ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कामावर माणसं कमी आहेत, आणि घरीही थोडी धावपळ होती.

पुलाची घाई करू नकोस. आधी माळावर बळ कमव, चांगले जोडे घे, चिलखत घे. सगळ्या खेळांत असंच असतं. म्हातारी कुठे पळून जातेय?

तुझ्या येण्याचंही तसंच. आई म्हणते, पुरता बरा हो, काठी सुटू दे, मग ऐटीत ये. सही राहिली ती तिची बोटं थरथरत होती म्हणून. थंडीने, दुसरं काही नाही. डॉक्टर येऊन जातात. ती दिवसा बराच वेळ झोपते आणि उठली की तुझा गडी कुठवर पोचला ते विचारते.

रागावू नकोस कधी, एवढं मागते.

तुझी
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पान मी दोनदा फाडलं.

तू म्हणालीस तसं केलं. माळावर रोज जनावरं मारली, रोज सराईत झोपलो. खरं सांगायचं तर गोडी लागली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. न घासण्याचा खेळ मागवला आणि त्यातही घासायची जागा शोधून काढली. जोडे घेतले, चिलखत घेतलं, आरशासारखी तलवार घेतली. मग पुलावर गेलो आणि एकेक करून सगळे कुत्रे मारले. फार सोपं गेलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःला शाबासकी दिली.

पलीकडे घर होतं, दाराला कडी होती. शेजारीण अंगण झाडत होती. ती म्हणाली, म्हातारी गेली. रोज दारात खुर्ची टाकून पुलाकडे बघायची. आणि म्हणाली, की ते कुत्रे तिनेच पाळलेले. ते सगळ्यांवर गुरगुरतात, पण करत कुणालाच काही नाहीत. तिच्याकडे येणाऱ्याला घरापर्यंत सोडायला ती त्यांना पुलावर पाठवायची.

त्या खेळात सराईत झोपलेली प्रत्येक रात्र मोजली जात होती. मला ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. चिठ्ठीत ये लिहिलं होतं, तयार होऊन ये असं लिहिलं नव्हतं.

खेळच तो, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून रिमोट हातात धरवत नाही. तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा खेळ तू खरंच खेळली होतीस का? दुसरी गोष्ट कागदावर लिहायचं धाडस होत नाही, पण तुला कळली असेल.

तुझा
मामा

२३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

नाही, मी तो खेळ खेळले नव्हते. डबा फोडलासुद्धा नव्हता. खेळायला वेळ नव्हता आणि तसं सांगायची लाज वाटली. मग तोंडात बसलेलं बोलून गेले. घाबरू नका, घाई नाही, माणूस निघालाय.

दुसरं. आई बरी नाही. जानेवारीपासूनच नाही. हृदय थकलंय, औषधाने ते नवं होणार नाही, असं डॉक्टरांनी मला जिन्यात उभं करून सांगितलं. खाट खिडकीशी आणली ती तिला आतल्या खोलीपर्यंत चालवत नव्हतं म्हणून. मी कामावर गेले की शेजारच्या काकू बसतात. तिने मला शपथ घातली होती, की त्याला कळवायचं नाही, तो तशा पायाने धावत येईल आणि वाटेत पडेल.

पण सगळं शपथेवर ढकलणार नाही. शपथ मला सोयीची होती. तू आलास तर घरात दोन आजारी माणसं होतील आणि करणारी मी एकटी, असा हिशेब मी मनात केला होता. तो करताना मला काही वाटलं नाही, हेच आता जास्त लागतं. तू पत्रातून विचारत राहिलास आणि मी खोकला लिहीत राहिले.

काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. कुत्र्यांचं ऐकून तिने पत्र स्वतःच्या हातात घेतलं. मग म्हणाली, की आता कळव त्याला.

माझ्यावर लोभ ठेव असं आज म्हणवत नाही. ये.

तुझी
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,

काठी घेऊन निघालो. यंत्र पिशवीत टाकलंय. जेवणाचं काही करत बसू नकोस.

मामा

९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कामाच्या प्रशिक्षणाला मीच ढकलून पाठवलं, म्हणून आठवड्याचं पान पुन्हा तुझ्याच नावावर. काळजी नको. काकू येतात, मी भात शिजवतो, अक्का त्याला नावं ठेवते.

पहिल्या दिवशी काय झालं ते तू दाराआड असल्याने तुला ऐकू आलं नसेल. तिने आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, एवढी चांगली काठी असताना इतके दिवस लावलेस. माझी जीभ अडखळली, तर म्हणाली, की लहानपणीही तू असाच बोलायचास. बास, संपलं. एवढ्यासाठी मी तिकडे बोटांचे व्यायाम करत बसलो होतो. फेब्रुवारीत आलो असतो तर ती मला घ्यायला दारापर्यंत आली असती. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही, मला टोचतं म्हणून लिहितो. तू हिशेब केलास, मी ऐट केली. त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. तिनेही मला बजावलंय, की पोरीला एक शब्द बोलायचा नाही.

काल तिने खेळ मागितला. मी नव्याने सुरू करून दिला आणि बटणं दाखवली. तिने माळाकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, निदान जोडे तरी घे. तर म्हणाली, मला कुठे वेळ आहे. फाटक्या जोड्यांनी गडी सरळ पुलावर. कुत्रे गुरगुरले. मला तर त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ती म्हणाली, कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं, आपल्या वाटेने जायचं. आणि खरंच, ते सगळे तिच्या मागे निमूट चालत आले. दारात खुर्ची होती. म्हातारी उठली, त्याला बस म्हणाली. जोड्यांबद्दल तिने काही विचारलं नाही.

पुढे खेळ बराच आहे म्हणे, डोंगर आहेत, राजवाडा आहे. अक्काने रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. पोचलो ना, मग झालं, म्हणाली. यंत्र मात्र बंद करू देत नाही. पडद्यावर ती दोघं दारात बसलीयत आणि ती पडल्या पडल्या बघत राहते.

आज सकाळपासून तिला श्वास घ्यायला जड जातंय. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला जिन्यात बोलावलं नाही, खाटेशीच बोलले, कारण तिनेच तसं सांगितलं होतं. ती दर थोड्या वेळाने तुझं विचारते. प्रशिक्षण पुरं व्हायची वाट बघू नकोस, सामान आवरत बसू नकोस. प्रशिक्षणात तुझा फोन बंद असतो. काकूंचा मुलगा तिकडेच निघालाय, हे पान तोच तुझ्या हातात देईल. त्याच्याच गाडीने परत ये.

मी तिला सांगून बसलोय, की माणूस निघालाय. मला खोटं पाडू नकोस.

तुझा
मामा