पान तीनवरची सायकल

१२ मार्च, बुधवार

धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण सूनबाईपेक्षा कमी. अक्षर नातीचं आहे, आगाऊपणा माझा. हसू नकोस म्हटलं तरी ती हसते आहे.

तिच्या पेपरचं तुला माहीत आहेच. चार पानं, पंधरा दिवसांनी एकदा, फुकट. शहरातली नोकरी सोडून आली तेव्हा तिचा बाप म्हणाला, फुकटचं कोण वाचतं? आता तोच सकाळी चष्मा शोधत दाराशी उभा असतो. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी येणार, कोणाची म्हैस हरवली, सगळं त्यात असतं. म्हैस तर पेपर वाटायच्या आधीच सापडली, पण मालक म्हणतो, पेपरचाच गुण.

बातम्या मी आणते. लिहिता येत नसलं की डोक्यात जागा भरपूर असते. नातीचा एकच नियम: ज्याच्याविषयी छापायचं, त्याला आधी वाचून दाखवायचं. गिरणीवाल्याने तर चारदा वाचायला लावलं, चौथ्यांदा बायकोला बोलावून.

फक्त तुला नाही दाखवलं. नात म्हणाली होती, धाकट्या आजीला विचारू या. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीला काय विचारायचं? ही गोष्ट मी साठ वर्षं सांगते आहे.

तर ती पान तीनवर आली: तू सात वर्षांची असताना मास्तरांची सायकल तळ्यात ढकललीस. लोक पोट धरून हसले. फुकटचा पेपर कोणाचं दार सोडत नाही, तुझ्याही दारात पडला. तू तो घडी करून दूधवाल्याच्या हाती परत पाठवलास. निरोप नाही, काही नाही. एखादी शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

नातीने विचारलं, धाकटी आजी एवढी का रुसली? मी म्हटलं, म्हातारचळ. खोटं बोलले. इथे तिचा हात थांबला आहे. लिही गं, लिही.

सायकल मी ढकलली, धाकटे. तुला ठाऊक, मला ठाऊक, तळ्याला ठाऊक. रोज तुला शाळेत सोडून मी खिडकीशी उभी राहायचे. फळ्यावरची तीन अक्षरं ओळखीची झाली होती. त्या दिवशी मास्तरांनी खिडकी लावून घेतली. आणि नाव मी तुझं सांगितलं. सात छड्या तू खाल्ल्यास, घरी येऊन ब्र काढला नाहीस. मी तोंडी सांगायचे तोवर तू हसण्यावारी नेलंस. पण छापलेलं लोक जपून ठेवतात, हे मला कुठे ठाऊक? माझ्या लेखी कागद म्हणजे पुडी बांधायचा.

शनिवारी नवा अंक छापायला जातो, म्हणून शुक्रवारपर्यंत तुझं उत्तर हवं. पहिल्या पानावर खऱ्या गोष्टीसाठी जागा राखली आहे. नको म्हणालीस तर छापणार नाही, घरोघर जाऊन तोंडाने सांगेन. हो म्हणालीस तर ते तूच लिही. काय झालं ते सगळं लिही, काही कमी करू नकोस. मी ऐकेन, मधे बोलणार नाही.

मी रोजच दाराशी बसते. शुक्रवारी मात्र उगाच बसलेली नसेन.

तुझी,
सायकलबुडवी थोरली