शुक्रवारचा दुपारचा खेळ

पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

ती. शकुनमावशीस,
मुग्धाचा सा. न. वि. वि.

तुझ्या यजमानांच्या हुकमावरून हे पत्र लिहिते आहे. दिवाळीत फोन केला, तर काकांनी दोन वाक्यांत मला कटवलं आणि वर सुनावलं, की फोनवरच्या गप्पांनी माणसं उथळ होतात, काही सांगायचं असेल तर कागदावर सांग. तुझा मोबाइल कायम पर्सच्या तळाशी. मग काय, आमच्या भागात टपालपेटी कुठे आहे याचा शोध घ्यावा लागला. एका वडाच्या झाडामागे सापडली.

आता कामाचं. आमची कंपनी चित्रपटगृहं चालवते आणि खुर्च्या रिकाम्या पडल्या आहेत. प्रेक्षकांचा सिनेमाला जाण्यातला रस का आटतोय, यावर साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितलाय. प्रश्नावल्या भरून घेतल्या. सगळ्यांची उत्तरं ठरलेली: तिकीट महाग, वेळ नाही, घरबसल्या सगळं दिसतं. अहवाल होईल त्यातून, पण माझाच त्यावर विश्वास बसत नाही. तेव्हा तुम्ही दोघं आठवलात. काकांच्या हावड्याच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची आणि त्या दुपारी तुम्ही सिनेमाला जाणार म्हणजे जाणार. मी सुट्टीत तुमच्याकडे आले असताना तापानं फणफणले होते, तरी मला शेजारी ठेवून गेला होतात, हे मी विसरलेले नाही. आणि आई म्हणते, की तुम्ही आता जातच नाही. का गं? सविस्तर लिही.

काकांना नमस्कार. तुझा माझ्यावर लोभ किती, हे मी पाकिटाच्या जाडीवरून ठरवणार आहे.

तुझी,
मुग्धा

बेहाला, कोलकाता,
११ नोव्हेंबर २०२५

चि. मुग्धास,
शकुनमावशीचे अ. उ. आ. वि. वि.

प्रश्नावल्या कसल्या वाटत बसतेस? मला विचारायचं. लोक सिनेमाला का जात नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी त्या जाहिराती. पिक्चर सुरू होईपर्यंत माणूस दमून जातो. मग आवाज! हिरोनं नुसतं दार लोटलं तरी आपल्या छातीत धडधडतं. शेजारचा आपल्या मोबाइलचा उजेड आपल्या तोंडावर पाडून खुशाल बसलेला. पण ही झाली वरवरची कारणं. खरं कारण असं, की आता कुणी कुणाला बोलवायला येत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका दाराशी येऊन हाक मारायच्या, की बौदी, म्हणजे वहिनी, चला. कोणता पिक्चर ते रस्त्यात कळायचं. वाईट निघाला तर परतताना त्याला नावं ठेवत यायचो, त्यात जास्त मजा. आता घरात चार माणसं चार खोल्यांत चार सिनेमे बघतात आणि जेवताना बोलायला त्यातला एकही कामाचा नाही. लिही हे तुझ्या अहवालात, माझ्या नावासकट.

आता आमचं. आमचं म्हणजे ह्यांचं, मी तर पायात चपला घालून तयारच असते. आधी म्हणाले, थिएटरातल्या खुर्चीनं पाठ धरते. मग म्हणाले, रस्त्यात फार गर्दी. तेवढ्यात बेहाल्याला मेट्रो आली आणि ते कारण गेलं, तर आता जाहीर केलंय, की सिनेमा ही कलाच संपली! आणि घरी? दिवसभर टीव्हीसमोर सिनेमेच बघतात. खाली इंग्रजी अक्षरं लावून. परवा मराठी सिनेमा होता, त्यालाही इंग्रजी अक्षरं. मराठी माणसाला मराठी कळायला इंग्रजी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, इंग्रजी सुधारतं. चौऱ्याहत्तर वय आहे ह्यांचं. आता सुधारून कुठे मुलाखतीला जायचंय?

गेल्या महिन्यात हट्टानं एकटी गेले. मध्यंतरापर्यंत कशीबशी बसले. विनोद झाला की कोपर मारायला शेजारी कुणी नाही. उठून घरी आले, तर लवकर कशी आलीस एवढंही ह्यांनी विचारलं नाही, मान वर केली नाही. मुग्धा, मी न्हाणीघरात जाऊन रडले. सिनेमाचं काही नाही गं. ह्यांना माझाच कंटाळा आलाय, असं वाटलं, आणि ते अजून मनातून जात नाही.

तेव्हा मी ठरवलंय. संक्रांत झाली की पुण्याला तुझ्या आईकडे येते, चांगली सहा महिने राहते. ह्यांना ह्यांचा टीव्ही लखलाभ. स्वयंपाकघरातून हे मी ह्यांना स्पष्ट सांगितलं. तर म्हणाले, हो हो, टाक, आलं जरा जास्त घाल. बायको घर सोडून निघाली आणि ह्यांना चहा सुचतोय!

ताईला सांग, माळ्यावरची गादी उन्हात टाकून ठेव. लोभ करतेसच, पुण्यात समोर आले की जास्त कर.

तुझी,
शकुनमावशी

पुणे,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. श्यामकाकांस,
मुग्धाचा सा. न. वि. वि.

पाकिटावर मुद्दाम तुमचं एकट्याचं नाव घातलंय, तेव्हा मावशी बाजारात गेली की वाचा.

तिनं मला तुमच्याविरुद्ध भलंमोठं पत्र लिहिलंय. वाचताना हसत होते, पण चहाच्या गोष्टीवर अडकले. काका, त्या दिवशी स्वयंपाकघरातून मावशी चहाचं विचारत नव्हती. ती संक्रांतीनंतर सहा महिने पुण्याला निघाली आहे, ते सांगत होती. हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? नसेल, तर आता समजा.

मग बाकीच्या गोष्टीही मी एकापुढे एक मांडल्या. फोन नको, पत्र लिही. मराठी सिनेमालाही खाली अक्षरं. थिएटर नको, टीव्ही चालेल. मी सरळच विचारते. तुम्हाला नीट ऐकू येईनासं झालंय ना?

मावशीला वाटतंय, तुम्हाला तिचा कंटाळा आला. माझा तर्क चुकला असेल तर हवं तेवढं रागवा. तुमचा लोभ रागासकट आला तरी मी सोडणार नाही.

तुमची,
मुग्धा

बेहाला, कोलकाता,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. मुग्धास,
श्यामकाकाचे अ. उ. आ. वि. वि.

पकडलंस. शकुन पुण्याला निघालीय हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी खरोखर चहाच समजलो होतो, आणि त्यात आलं कमी पडलं म्हणून कुरकुरलोही होतो.

हावड्याला यंत्रांच्या खडखडाटात सारी नोकरी झाली, तिथेच कान गेले असावेत. उजवा बंद, डावा लहरीवर. गंमत अशी, की आवाज येतो, शब्द येत नाहीत. थिएटरात तर भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज येतो आणि त्यातून एकही वाक्य हाती लागत नाही. टीव्हीवर खाली अक्षरं येतात म्हणून निभतं. थिएटरात ती कधी असतात, कधी नसतात, आणि खिडकीवर विचारलं तर तिकीट देणाऱ्यालाही माहीत नसतं. तुझ्या साहेबांना हे जरूर सांग. माझ्या वयाची अर्धी माणसं रस गेला म्हणून घरी बसलेली नाहीत. त्यांना कळत नाही आणि तसं बोलायची लाज वाटते.

आता घरचं. शकुन लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. शेजारणींनी तिला बोई बघायला चल म्हणून बोलावलं. बोई म्हणजे पुस्तक, एवढं तिनं आदल्याच दिवशी शिकून घेतलं होतं. मग ही वाचनालयात जायचं म्हणून साधी सुती साडी नेसून, वही-पेन घेऊन निघाली. इथले जुने लोक सिनेमालाही बोईच म्हणतात, हे हिला कुठून ठाऊक! थिएटरात पोचल्यावर इतकी ओशाळली, की पुढच्या शुक्रवारपासून मी तिला घेऊन जायला लागलो. अंधारात तिच्या कानाशी वाक्यावाक्याचं मराठी सांगायचो. मागचे लोक ओरडायचे. तिला बंगाली चांगलं येऊ लागलं तरी ती कान पुढे करायची आणि मीही सांगायचो.

शेवटचा सिनेमा आम्ही पाहिला, तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. आजूबाजूला हालचाल झाली, म्हणून कुणी हसलं असेल असं वाटून मीही हसलो. बघतो तर शकुन पदरानं डोळे पुसत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर थिएटरची पायरी चढायची मला हिंमत झाली नाही. वर्षानुवर्षं जिला ऐकवलं, तिला मला ऐकू येत नाही असं कोणत्या तोंडानं सांगू? आणि तिचा कंटाळा? वेडी आहे.

तिला एवढ्यात काही कळवू नकोस. लोभ आहेच, तो जरा पोटात ठेव.

तुझा,
श्यामकाका

बेहाला, कोलकाता,
१३ डिसेंबर २०२५

चि. मुग्धास,
शकुनमावशीचे अ. उ. आ. वि. वि.

तू ह्यांना दुसरं पत्र पाठवून दटावलंस, की आठ दिवसांत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. बरं केलंस. ह्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि अगदी खाजगीतलं सांगायचं म्हणून सांगितलं, पण आपला आवाज केवढा लागलाय हे ह्यांना कुठे कळतंय? खाली मासेवाला थांबला. समोरच्या बौदी बाहेर आल्या. ह्यांचे कान गेले आणि ह्यांचं माझ्यावर प्रेम आहे, या दोन्ही गोष्टी माझ्याबरोबरच साऱ्या गल्लीला कळल्या. मी आधी चिडले, मग रडले, मग विचारलं, की मला काय परकी समजलात? तेही दोनदा ओरडून विचारावं लागलं.

डमडमला कानाच्या एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे तपासून झालं. जानेवारीत यंत्र मिळेल, पण त्याची सवय व्हायला वेळ लागेल आणि थिएटरात ते सुरुवातीला घुमेल, असं त्या म्हणाल्या. तोवर वाट बघायला मी काय वेडी आहे? काल शुक्रवार होता. हात धरून ह्यांना दुपारच्या खेळाला नेलं.

मुग्धा, तुझे साहेब रिकाम्या खुर्च्यांना रडतात ना, मी काल त्यांचे आभार मानले. एवढ्या मोठ्या थिएटरात आम्ही पाच-सहा जण विखुरलेले. मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि ह्यांच्या कानाशी खणखणीत आवाजात वाक्यावाक्याचं मराठी सांगायला लागले. पडद्यावर नायक कुजबुजतोय आणि इथे मी गरजतेय, असा थाट. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक धोतरवाले म्हातारे वळले, उठले आणि खुर्च्यांना धरत धरत आमच्याकडे यायला लागले. मी पदर खोचला. बंगालीत काय सुनावायचं ते तयार ठेवलं होतं.

ते गृहस्थ माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. सान्याल त्यांचं नाव. हात जोडून त्यांनी विनंती केली, की फार उपकार होतील, हेच जरा बांग्लात सांगाल का? ते दर आठवड्याला येतात आणि नुसती चित्रं बघून घरी जातात. शब्द ऐकू येत नाहीत हे त्यांनी आजवर घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मग काय, डावीकडे बंगाली, उजवीकडे मराठी. माझा घसा बसला. ह्यांना ऐकू येत नाही म्हणतात, पण मध्येच माझं बंगाली कुठे चुकलं ते बरोबर सांगत होते! शेवटी नायकाची बहीण त्याला न भेटताच गाडीत बसते, तिथे मी दोन्ही भाषांत सांगून टाकलं, की ती गेली. आणि मुग्धा, आम्ही तिघंही एकदमच रडायला लागलो. ह्यांनी माझा हात धरला होता, तो दिवे लागले तरी सोडला नाही.

तुझ्या अहवालात काय लिहायचं ते तू ठरव, हुशार आहेस. मला एवढंच विचारायचंय, की रस गेला म्हणून ज्यांची नावं तुम्ही खोडलीत, त्यातल्या किती जणांना कुणी विचारलं, की बाबा रे, तुला ऐकू येतंय का? निघताना सान्यालबाबूंनी संकोचत चौकशी केली, की पुढच्या शुक्रवारी बौदी येणार का, त्यांचे आणखी एक मित्र आहेत. मी हो म्हणून बसलेय. ताईला सांग, गादी परत माळ्यावर टाक. पुण्याला येणं आता जमायचं नाही, माझ्यावाचून इथे तीन माणसांचा सिनेमा अडेल.

इथला सगळा लोभ आता ओरडून व्यक्त होतो. तुझा तिकडून हळू आवाजात आला तरी मला ऐकू येईल.

तुझी,
शकुनमावशी