नवव्या खांबाची जागा

मी, एलोदिया पुशाइना, राहणार इशामाना वस्ती, ग्वाहिरा, कोलंबिया, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. करून दाखवावी कुणी.

शेळ्या, विहीर आणि विणायचा माग बहिणीची मुलगी नेरेइदा हिला देण्यात यावा. आमच्यात सगळं आईकडून उतरतं, जमीनसुद्धा. आईकडची माणसं जिथे पुरली, ती जमीन आमची. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पवनचक्कीच्या कंपनीला कळलं नाही. त्यांनी घरातला पुरुष शोधला आणि माझा दीर तेओफिलो उरियाना याची सही घेतली. दुसऱ्या कुळातला माणूस, आमच्याकडे पाहुणा म्हणून राहिला, जन्मभर माझ्या शेळ्या खाल्ल्या आणि माझाच माळ देऊन बसला.

मी जाब विचारला तर म्हणतो, "वहिनी, देशासाठी आहे. कोळशाचा धूर नको म्हणतात आता." धूर मलाही नको. पण वारा आमचा, तारा आमच्या डोक्यावरून बोगोताला जाणार आणि नेरेइदाची पोरं मेणबत्तीवर डोळे फोडणार, हा कुठला न्याय? सबब, कंपनीने वाटलेला माझा दिवा तेओफिलोला द्यावा. तो कधी लागला नाही, कारण वायर आलीच नाही.

आता देहाविषयी. मला आईशेजारी पुरू नये. माळावर पवनचक्कीच्या नवव्या खांबासाठी कंपनीने लाल झेंडी रोवली आहे, तिथे पुरावं. काही वर्षांनी भाचीने हाडं वर काढून, स्वच्छ करून आईच्या कबरस्तानात न्यायची, तेव्हाच जीव सुटतो, ही आपली रीत मला ठाऊक आहे. पण वस्तीतल्या प्रत्येक घरात दिवा लागेपर्यंत माझ्या हाडांना हात लावू नये. हे ऐकून नेरेइदा रडली. म्हणाली, "मावशी, तू अधांतरी राहशील गं." राहीन. भीती वाटते, ते लपवत नाही.

झेंडी रोवताना इंजिनियरने विचारलं होतं, "आजी, या उजाड माळावर तुमचं आहे तरी काय?"  त्याला म्हणावं, आता खणून बघ.

डाव्या अंगठ्याचा ठसा: एलोदिया पुशाइना
साक्षीदार: कास्तुलो इपुआना, तंटे मिटवणारा
ओदालिस एपियेयू, शाळेतल्या बाई, यांच्या हातचं लिखाण
तेओफिलोलाही बोलावलं होतं. आला नाही.
इशामाना, २ मार्च २०२५