नटावरची लाल रेघ

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणे, आज पूर्ण शुद्धीवर आणि तितक्याच रागात असताना, कोणाच्या दबावाला, गोडीगुलाबीला किंवा रडारडीला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावे. माझ्या मुलाला माझ्या मागे एक खिळासुद्धा मिळू नये, एवढ्यासाठीच ते केले होते. ते का केले आणि का रद्द केले, हे पुढे येईल. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात कारणे द्यायची गरज नसते. त्यांना नसेल, मला आहे.

कलम १. माझी दोन खोल्यांची जागा आणि बँकेतील ठेव धाकट्या बहिणीला मिळावी. चार वर्षे दर रविवारी तिने मला जेवायला बोलावले आणि एकदाही "मुलाशी बोल गं" असे म्हटले नाही. तिच्यानंतर जागा माझ्या मुलाकडे जावी. नवऱ्याला काहीही नाही. व्हॅनचे हप्ते आणि तीन वर्षांचा मुलगा माझ्या गळ्यात टाकून तो निघून गेला. या कागदावर त्याला मिळालेली ही एक ओळसुद्धा जास्तच आहे.

कलम २. शेडच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेले बिल, आणि शेजारी खिळ्याला अडकवलेला लांब दांड्याचा आरसा, या दोन वस्तू गाडीच्या कंपनीच्या शोरूममधील वर्कशॉप मॅनेजरला पोचत्या कराव्यात. पोच घ्यावी.

याचा खुलासा असा. व्हॅन नवी होती तेव्हा मी एकदाच त्या शोरूममध्ये गेले होते. एक रबरी नळी गळत होती. तेवढ्यासाठी त्यांनी अख्खा पंप बदलायला सांगितला, आणि आकडा असा सांगितला की मी कॉफीचा कप तसाच ठेवून उठले. नळी मी दुसऱ्या दिवशी स्वतः बदलली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने शेजारी बसून ती बदलायला शिकवली, आणि पुढे ब्रेकपासून क्लचपर्यंत सगळेच शिकवले. त्याने एक नियम घालून दिला. नट पान्याने आवळायचा, पुरेसा घट्ट झाला की तो खास पाना 'कट्ट' वाजतो, तेव्हा थांबायचे, आणि मग नटावरून खालच्या लोखंडावर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची. नट ढिला झाला किंवा कोणी उघडला की रेघ तुटते. लांबून दिसते. "आवळल्याशिवाय रेघ नाही," असे तो दिवसातून दहा वेळा बजावायचा. माझ्या मुलाच्या लहानपणी मी आवळायची आणि तो जीभ बाहेर काढून रेघ ओढायचा.

तोच मुलगा मोठा होऊन शोरूममध्ये नोकरीला लागला. काचेची केबिन, शर्टावर बिल्ला. मी काही बोलले नाही. चार वर्षांपूर्वी माझे उजवे मनगट मोडले आणि त्याच सुमारास पुढचे ब्रेक कुरकुरू लागले. तो म्हणाला, "आई, बास झालं आता. माझ्याकडे आण. मी आहे ना." तो आहे म्हणून मी नेली. दोन दिवसांनी बिल आले. पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाला पकडून थांबवणारा भाग, नवे बसवले असे लिहिलेले. खाली सही माझ्या मुलाची.

पैसे भरले आणि पार्किंगमध्येच हा आरसा चाकाच्या मागे घातला. माझ्या सगळ्या रेघा जिथल्या तिथे होत्या. एकही तुटलेली नव्हती. कॅलिपर ज्यांवर बसतात त्या बोल्टना कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बिल घेऊन काउंटरवर गेले आणि साऱ्या गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ग्राहकांनी गाडीखाली वाकायचं नसतं." मी मुलाकडे बघितले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आई, इथं नको. घरी बोलू."

"तू बघितलंस का?" मी विचारले.

"काम आत होतं. माझ्याकडे नुसता कागद येतो."

"त्या गाडीत चौदा मुलं बसतात. तू वाकून बघितलंस का, एवढंच सांग."

त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद ओढून घेतला. पैसे गेले त्याचे मला फार वाटले नाही. शोरूमने लुबाडले यात नवल ते काय. पण ज्याने आयुष्यातली पहिली सरळ रेघ माझ्या चाकाच्या नटावर ओढली, त्याने न बघता सही केली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. हे मी अजून विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरणार नाही, असे येथे नोंदवते. वर्कशॉप मॅनेजरला कळवावे की वाकायचे नसेल तर आरशात बघावे. आरसा त्यासाठीच दिला आहे.

कलम ३. शेजारचा शिंपी या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. ते बरेच झाले. कारण हा माणूस वर्षभर माझ्याशी खोटे वागला. शिव्या देता येत असतील तर त्या सगळ्या त्याच्या नावे कराव्यात.

झाले ते असे. गेल्या वर्षापासून माझे हात थरथरतात. हे आता असेच राहणार, असे डॉक्टर म्हणाले. मी त्यांनाही सुनावून आले. चालवताना हात स्टिअरिंगवर घट्ट असतो, तेव्हा काही होत नाही. त्यामुळे फेऱ्या चालूच ठेवल्या. दर शनिवारी सगळे नट आवळत होते, रेघा ओढत होते. मध्यंतरी एका सोमवारी मुले गाडीत चढत असताना माझी नजर मागच्या चाकावर गेली. नटांवरच्या रेघा सरळ होत्या. अगदी छापल्यासारख्या.

माझा हात आता सरळ रेघ ओढूच शकत नाही. किराण्याची यादी लिहिली तरी दुकानदार मला वाचून दाखवायला सांगतो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम एक नट अर्धा फेरा ढिला केला, त्यावर माझी वेडीवाकडी रेघ ओढली आणि बहिणीकडे जेवायला गेले. परत आले तर नट घट्ट, माझी रेघ पुसलेली, नवी रेघ सरळ. फळीवरची माझी नेलपॉलिशची बाटली होती तेवढीच भरलेली. म्हणजे येणारा स्वतःची बाटली घेऊन आला होता. मी तडक शिंप्याकडे गेले.

"कोण येतं माझ्या गाडीपाशी?"

त्याने मशीन थांबवले. "ताई, ओरडू नका. तुमचाच मुलगा येतो. तुम्ही जेवायला गेलात की दर रविवारी. वर्ष झालं."

"आणि तुम्ही तोंड शिवून बसलात?"

"तोच म्हणाला, 'काका, तिला कळलं तर गाडी कुलपात घालील, आणि मुलं तशाच गाडीतून जातील.' एकदा तुमची व्हॅन शाळेसमोर उभी होती, तेव्हा तो वाकून बघत होता म्हणे. चार रेघा तुटलेल्या होत्या."

मी त्याला पुष्कळ बोलले. माझ्या कामावर मागून हात फिरवायचा याला अधिकार कोणी दिला, इथपासून सुरुवात केली. घरी येऊन भांडी आपटली. मग पाना घेऊन शेडमध्ये गेले आणि मागच्या चाकाचा एक नट पूर्ण ढिला करून आवळायला घेतला. दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. 'कट्ट' वाजले नाही. आणि तेव्हा मला कबूल करावे लागले की गेले वर्षभर ते वाजलेलेच नाही. दर शनिवारी मी जमेल तेवढे ओढत होते, झाले असे स्वतःला सांगत होते आणि रेघ मारून मोकळी होत होते.

शोरूमने न उघडलेला बोल्ट उघडला म्हणून लिहिले. मी न आवळलेले नट आवळले म्हणून रंगवले. माझ्या गाडीत तर चौदा मुले होती. वकीलबाई म्हणतात, हे वाक्य गाळा. गाळणार नाही. मला माझी लाज वाटते आणि ती याच कागदावर राहू दे.

दुसऱ्या दिवसापासून मी फेऱ्या बंद केल्या. मुले पलीकडच्या रस्त्यावरच्या व्हॅनवालीकडे सोपवली आहेत. ती तरुण आहे आणि तिचा पाना वाजतो. मी स्वतः ऐकून खात्री केली.

कलम ४. व्हॅन, जॅक, सगळे पाने आणि शेडचा हक्क माझ्या मुलाला मिळावा. तो अजून त्याच शोरूममध्ये आहे, त्याच बिल्ल्यासकट, आणि त्याबद्दलचा माझा राग कायम आहे. मालमत्तेबरोबर तोही त्याने घ्यावा. अट एकच: ही व्हॅन त्या शोरूमच्या फाटकातून कधीही आत जाऊ नये. ढकलत न्यावी लागली तरी दुसरीकडे न्यावी.

कलम ५. फळीवरची माझी नेलपॉलिशची बाटलीही त्यालाच. यापुढे स्वतःची आणायची गरज नाही.

शेवटची सूचना. सही वेडीवाकडी दिसते म्हणून कोणी हे मृत्युपत्र खोटे ठरवू नये. ती सरळ असती, तर माझी नसती.

सही: (व्हॅनवाली)

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी. वरील शिव्या वाचल्या, मान्य आहेत.
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. सही करताना हात थरथरत होता, डोके ठिकाणावर होते.

ठिकाण: व्हॅनची शेड.

दिनांक: महिन्याचा शेवटचा शनिवार. उद्या जेवायला येणार नाही, असे बहिणीला कळवले आहे. उद्या मी दिवसभर शेडमध्येच बसणार आहे.