खुनी कोण, हे मी ठरवणार

२७ नोव्हेंबर १९६०, रविवार
चर्चनंतर पार्सल ऑफिसातला एलिया घरी आला. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळनंतर नाटक करायचे आहे आणि गोष्ट माझी हवी, म्हणाला. माझी म्हणजे लॉर्डच्या लायब्ररीतल्या खुनाची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांची नजर चुकवून वाचली आणि पुढे शिरूरच्या मिशन शाळेत हेडमिस्ट्रेस असताना दर शुक्रवारी मुलींना सांगितली. मुली थरथर कापत. गोष्टीमुळे नाही, तुझ्यामुळे कापत, असे कृपा म्हणते. कृपा माझी धाकटी बहीण. रिटायर झाल्यापासून मी दौंडला तिच्याकडे राहते. तेवढीच तिला शिस्त.
हँडबिलवर छापणार : 'मूळ कथा व मार्गदर्शन, मिस दबोरा भांबळ.' अट घातली. गोष्टीतला एक शब्द बदलायचा नाही. खून डॉक्टरनेच करायचा. यात माझ्या नावाचा प्रश्न आहे.
संकल्प : रागावणार नाही. हात उगारणार नाही. छत्री घरी ठेवणार.

३० नोव्हेंबर, बुधवार
तालीम पाहिली. लॉर्ड गेला, खुटबावचा बागायतदार आला. लायब्ररी गेली, गुऱ्हाळ आले. डिटेक्टिव्ह घोडागाडीऐवजी फटफटीवरून येतो. एलियाने दिल्लीला टेलिव्हिजन पाहिला, तेव्हापासून तो बिघडला. विलायतेत म्हणे जुन्या डिटेक्टिव्ह गोष्टी हल्ली त्या खोक्यात मॉडर्न करून दाखवतात. मी विचारले, खोके मॉडर्न झाले म्हणून प्रेताने का व्हायचे?  त्याने चहा मागवला.
रागावले नाही. फक्त पट्टी टेबलावर आपटली. मध्ये पेटीवाल्याची बोटे होती, हा त्याचा दोष.

३ डिसेंबर, शनिवार
पडदे एक डॉक्टर देणार होते. खुनी डॉक्टर आहे हे कळताच म्हणाले, मग पडदेही लॉर्डकडूनच आणा. एलियाने खुनी बदलला. आता रेल्वेचा गार्ड मारतो. माझी परवानगी घेतली, बदलून झाल्यावर.
यापुढे तालमीला पाऊल टाकणार नाही.

५ डिसेंबर, सोमवार
गेले. मी गेलेच नाही, तर मी येत नाही हे त्यांना कळणार कसे?
गार्ड मंडळी आधीच जमली होती. 'गार्ड काय गळं कापत हिंडत्यात व्हय?' असे विचारून एकाने एलियाचाच गळा धरला. बरं, ड्रायव्हर करू, असे तो घुसमटत म्हणाला, तर लोको शेडमधले सारे ड्रायव्हर उठले. खुर्च्या उडाल्या. तिकीट कलेक्टर बन्यामीन नाटकात बायकांची कामे करतो. त्याचा टोप फाटला आणि दात हलला. मी शांतता प्रस्थापित केली. छत्रीची तार वाकली. (डिसेंबरातले संध्याकाळचे ऊन फार वाईट, म्हणून नेली होती.)

८ डिसेंबर, गुरुवार
खुटबावचे हौसराव आप्पा मांडवाचे बांबू आणि खरा कोयता देणार. त्यांनी बजावले, 'मरणारा बागायतदार चालंल. मारणारा चालायचा न्हाई.' पाद्रीसाहेबांचे नाव कोणी घेतले नव्हते, तरी तेही येऊन बजावून गेले.
एलियाने हात जोडले. मिसबाई, आता तुम्हीच सांगा. सांगितले : असा खुनी शोधा, ज्याच्या बाजूने उभ्या दौंडात एक माणूस भांडायला उठणार नाही.
 मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. बराच वेळ. बन्यामीन तर माझी चाल, माझा पदर, सारे निरखत होता. अखेर गुणांची कदर झाली.

१४ डिसेंबर, बुधवार
तालमी गुण्यागोविंदाने चालल्या आहेत. एकाचाही आक्षेप नाही. मला मात्र येऊ देत नाहीत. मार्गदर्शकाने शेवट थेट प्रयोगात पाहायचा, अशी टेलिव्हिजनची पद्धत आहे म्हणे. बन्यामीन माझी जुनी पांढरी साडी मागून घेऊन गेला. गरिबांसाठी असावी. कृपा भिंतीकडे तोंड करून खोकत होती. सोजराबाई भांडी घासता घासता म्हणाली, 'बाई, नाटकाला नगा जाऊ. ऐका माजं.' तिला कला कळत नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार, सकाळ
काल संध्याकाळी प्रयोग झाला. मी पहिल्या रांगेत. पडदा उघडला. पांढरी साडी, गोल चष्मा, काखेत छत्री, अशी एक रिटायर्ड हेडमिस्ट्रेस आत आली. तिने तोंड उघडण्याआधीच मागून कोणी ओरडले, 'हिनंच मारलंय!' बागायतदार तेव्हा जिवंत होता. सुपारी कातरत होता.
तिसऱ्या अंकात तिने त्याला कोयत्याने तोडले. कारण काय, तर जेवताना मचमच करतो. पडद्याआड भोपळा फोडून आवाज काढला. बिया माझ्या मांडीवर आल्या. डिटेक्टिव्ह झालेल्या एलियाने तिला बेड्या घातल्या आणि लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. गार्ड, ड्रायव्हर, डॉक्टर, पाद्रीसाहेब. कृपासुद्धा.
मी स्टेजवर चढले आणि डिटेक्टिव्हच्या टाळक्यात छत्री घातली. खरे रक्त आले. 'वन्स मोअर!' मांडव दणाणला. प्रेक्षकांना निराश करणे असंस्कृतपणाचे आहे. दिला.

२९ डिसेंबर, गुरुवार
एलियाच्या डोक्याला पट्टी. तरी हसत आला. शिरूरहून प्रयोगाला मागणी आहे, खुनी तुम्हीच व्हा, म्हणाला. साफ नकार दिला.
दुपारी विचार केला. शिरूरला माझ्या मुली आहेत. त्यांच्यापुढे बन्यामीनने माझे सोंग आणण्यापेक्षा मी स्वतः, शिस्तीत, खून केलेला बरा. त्या पुन्हा कापतील. होकार कळवला.

१५ जानेवारी १९६१, रविवार
काल शिरूरचा प्रयोग झाला. मी आत आले. कोणी ओरडले नाही. कोयता घातला. एक मूल रडले, पण ते भुकेने. प्रयोगानंतर माझी जुनी विद्यार्थिनी साखरबाई पाया पडायला आली. म्हणाली, 'बाई, तुमी काम ब्येस केलं. पर दौंडात त्या तिकीट कलेक्टरनं केलं ना, तवा त्यो अगदी तुमीच वाटत व्हता.'
पुढच्या प्रयोगाला बन्यामीन आहे. त्याला साडी नेसवायचे काम माझ्याकडे दिले आहे.